बागेच्या शेवटच्या ओळी

त्या दिवसांत माझ्या पिशवीत स्टीलच्या बारा वाट्या, एक मोजपात्र आणि एक घड्याळ असे. घड्याळ मनगटी होतं, पण पट्टा तुटला होता आणि तो बदलायला मी कधी गेलो नव्हतो. केळीच्या बागेत शिरायचं, ठिबकच्या नळीतून जिथे थेंब पडतो तिथे वाटी ठेवायची, घड्याळ लावून पाणी गोळा करायचं, मोजपात्रात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. वाटीत पाणी किती जमलं यावरून प्रत्येक झाडाला सारखं मिळतं की नाही ते कळे. खतही त्याच पाण्यातून द्यायचं, म्हणून खताचाही हिशेब तोच.

सावद्याच्या बसमध्ये त्या वाट्या खुळखुळत. एकदा शेजारच्या बाईने विचारलं, "जुन्या कपड्यांवर देता का भांडे?" मी नाही म्हणालो. मग वाट्या कशाला, हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण मी सांगितलं नाही. सांगायला सुरुवात केली असती तर ते संपायच्या आत फैजपूर आलं असतं.

मी मूळचा दोंडाईच्याकडचा. आमच्याकडे ज्वारी, कापूस, थोडी मिरची. पाणी म्हणजे पावसाचं आणि विहिरीत तळाला उरेल तेवढं. शेतकीची पदविका घेतल्यावर जळगावच्या एका ठिबकच्या कंपनीत नोकरी लागली आणि त्यांनी मला जिल्ह्याच्या पूर्वेला, केळीच्या पट्ट्यात पाठवलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ठिबक लोकांनी ऐकलेलं होतं, काहींनी बसवलेलंही होतं. पण ठिबकमधून खत सोडायचं, तेही मोजून, दर आठवड्याला थोडं थोडं, हे बहुतेकांना पटत नव्हतं. केळी म्हणजे खादाड पीक. तिला पोतं उघडून द्यावं लागतं, अशीच सगळ्यांची समजूत.

राहायला सावद्यात केळीच्या एका वखारीमागची खोली मिळाली. दिवसभर समोर ट्रक भरत. माणसं घड उचलत, वाळलेली पानं अंथरत, एकमेकांना हाका मारत, आणि मी त्या गर्दीतून वाट काढत खोलीत जाई. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं असं नाही. सगळे ओळखत. "ठिबकवाले साहेब" म्हणत. तेविसाव्या वर्षी मी साहेब झालो होतो.

त्याला माझी बोलीही कारण होती. आमच्या घरी "आहे"ला "शे" म्हणतात, "सगळं"ला "बठ्ठं". पहिल्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर मी "बठ्ठं बरं शे" म्हणालो आणि तिथली पोरं हसली. वाईट हसू नव्हतं ते. पण दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तकातलं मराठी बोलू लागलो. या भागातली बोली वेगळी. "ळ"चा "य" होतो, केळीची केयी होते. ती मला कळे, पण माझ्या तोंडी बसत नसे. पुस्तकातल्या मराठीत कोणाशी थट्टा करता येत नाही. कामाचं बोलून झालं की बोलणं संपे. सहा महिन्यांनी घरी गेलो, तर आई ताटात भाकरी वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "तू ते पाहुनासारखा बोलाले लागना." मी हसलो. परत येताना गाडीत मात्र तेच वाक्य डोक्यात राहिलं.

अशा वेळी मला आबा भेटले.

आबा साठी ओलांडलेले. बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, मुलगा पुण्यात कारखान्यात इंजिनिअर. गावात त्यांचं घर होतं, पण ते शेतातल्या दोन खोल्यांत राहत. घर मोठं पडतं, एवढंच म्हणत. विहिरीचं पाणी दरवर्षी थोडं खाली जात होतं, म्हणून त्यांनी ठिबक घ्यायचं ठरवलं. तेही अर्ध्याच बागेला. उरलेली अर्धी पाटाच्या पाण्यावर ठेवायची आणि दोन्हींत काय फरक पडतो ते डोळ्यांनी बघायचं. मला ते आवडलं. दुसऱ्याचं ऐकून घेणारे पुष्कळ भेटत, स्वतः ताडून बघणारा कमी.

पाटावरच्या केळीला खत टाकायला त्यांच्याकडे पाच बायकांची टोळी येई. टोळीची मुकादम एक पन्नाशीची बाई. तिला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. कमरेला ओटी बांधलेली, ओटीत युरिया आणि पोटॅश मिसळलेलं. एका झाडाच्या बुडाशी वाकायची, मूठ गोल फिरवायची, पुढच्या झाडाकडे जायची. बोलणं चालू, हसणं चालू, हात चालू.

मी वाण्याकडून छोटा तराजू मागून आणला आणि अक्काला म्हणालो, "अक्का, झाडाला टाकता तशीच मूठ या पारड्यात टाका."

"मोजून काय करतो?" ती म्हणाली.

"बघायचं आहे, मूठ कमीजास्त होते का."

तिने वीस मुठी टाकल्या. बाकीच्या चौघी भोवती उभ्या राहून बघत होत्या. मी प्रत्येक वजन लिहीत गेलो आणि लिहिताना माझे कान तापले. तिची मूठ जवळजवळ हलतच नव्हती. इकडे थोडी, तिकडे थोडी. माझ्या नव्या ड्रीपरांमध्येही, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या बारीक तोट्यांमध्येही, तेवढा फरक पडे.

"मूठ अगदी बरोबर आहे," मी म्हणालो. "पण वरून पाटाचं पाणी सोडलं की खत मुळांच्या खाली निघून जातं. झाडाला अर्धं मिळतं आणि बाकीचं विहिरीच्या पाण्यात उतरतं."

"पानी नेतं, ते पान्याले सांग," अक्का म्हणाली. "मले काहाले सांगतो?"

बायका खूप हसल्या. आबाही हसले. त्या गावात माझ्यासमोर कोणी असं मोकळं हसल्याचं मला तोवर आठवत नव्हतं. बोलणं माझ्यावरच होतं, तरी मला बरं वाटलं.

ठिबकच्या अर्ध्या बागेत पहिल्यांदा खत सोडायचा दिवस आला. विहिरीजवळ वाळूचा फिल्टर, जाळीचा फिल्टर आणि त्यांच्यामध्ये व्हेंचुरी बसवलेली. व्हेंचुरी म्हणजे मध्ये आवळलेली नळी. तिच्यातून पाणी जोरात गेलं की ती शेजारच्या ड्रममधलं विरघळलेलं खत आपोआप ओढून घेते. आबा ड्रमजवळ दगडावर बसले होते. मी कॉक फिरवला. पातळी हळूहळू खाली जाऊ लागली, तसे ते पुढे वाकून बघत राहिले.

"गिळू राह्यलं बाप्पा," ते म्हणाले.

तासाभरात खत संपलं. पुढे नुसतं पाणी सोडून मी नळ्या धुऊन घेतल्या. अडीच एकरांना खत देऊन झालं होतं आणि कोणाचे हात ओले झाले नव्हते. मला फार अभिमान वाटत होता.

तेवढ्यात बांधावरून बोलण्याचा आवाज आला. अक्काची टोळी आली होती. खत टाकायची तारीख होती, नेहमीप्रमाणे त्या आल्या होत्या. डोक्यावर भाकरीची फडकी, कमरेला ओट्या बांधलेल्या. पाटावरच्या बागेचं खत त्यांनी आदल्या आठवड्यातच टाकलं होतं. आज या बागेची पाळी होती. आबांनी त्यांना सांगितलंच नव्हतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग उठून विहिरीत डोकावू लागले, जणू पाणी किती उरलं ते आत्ताच बघायला हवं होतं.

सांगणं माझ्यावर आलं. "अक्का, या बागेचं खत झालं," मी म्हणालो.

"कोनी टाकलं?"

मी व्हेंचुरीकडे बोट दाखवलं. अक्का जवळ आली, तिने नळीला हात लावून पाहिला, रिकाम्या ड्रममध्ये वाकून पाहिलं. "येवढीशी?" ती म्हणाली. मग बायकांकडे वळून, "चला वं."

त्या लगेच गेल्या नाहीत. बांधावर बसल्या, आणलेली भाकरी तिथेच खाल्ली आणि मग गेल्या. आबा त्यांच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन गेले, ती ठेवली आणि तसेच परत आले. मी वाट्या पुसत बसलो. पुसायला काही नव्हतं.

त्यानंतर ती बाग एकदम शांत झाली. पाणी पाटाने जात असताना पाणी भरणारा गडी दिवसभर फावडं घेऊन असे, महिन्याला बायका येत, निंदायला येत. आता ओळींच्या मध्ये जमीन कोरडी, म्हणून तणही कमी. मोटर चालू होई, थेंब पडत, मोटर बंद होई. केळीची बाग आत फार गर्द असते. दुपारी उभं राहिलं तर पानाला पान घासल्याचा आवाज, आणि तो थांबला की काहीच नाही. एकदा आबा म्हणाले, "आधी बागेत शिरलं की कोनाचा ना कोनाचा आवाज यायचा. आता हाक मारा, तर केयीच."

मी आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जाई. मग आबांचे निरोप येऊ लागले. नळी गळते. कॉक घट्ट झाला. फिल्टरमधून आवाज येतो. मी सायकल काढून जाई आणि बघे, तर नळी गळत नसे, कॉक नीट फिरे. आबा म्हणत, "सकाळी गळत होती रे." आणि चुलीवर चहा ठेवत. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी माझ्या ध्यानात आलं. मी काही बोललो नाही, कारण मीही तेच करत होतो. वहीत एखादा आकडा राहिला, वाटी विसरली, असं काहीतरी कारण काढून मीही जाई.

आम्ही फार बोलत नसू. ते पुण्याच्या मुलाचं पत्र दाखवत. मी वाचून दाखवी, त्यांना वाचता येत होतं तरी. मी आमच्याकडच्या विहिरीबद्दल सांगे. एकदा त्यांनी विचारलं, "तुझी आई कशी बोलते रे? तसं बोल पाहू." मी चार वाक्यं बोललो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "गोड आहे. येवढं लपवतो काहाले?" त्या खोलीत, चुलीजवळ, मला वर्षभरात पहिल्यांदा कोणाकडे तरी आल्यासारखं वाटत होतं. इतकं, की चहा संपला तरी मी उठत नसे, आणि मग परतायची वेळ होई. जाताना विहिरीजवळच्या पहिल्या दोन-चार ओळींत वाट्या ठेवी, आकडे घेई आणि निघे. आकडे उत्तम येत. बाग लांब होती. शेवटच्या ओळी नाल्याच्या बाजूला, पार टोकाला. बसवलं तेव्हा मी तिथपर्यंत मोजलं होतं. तेव्हा बरोबर होतं. आताही असणारच, असं मी धरून चाललो.

एक दिवस पाटाच्या बागेत केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापायला अक्काची टोळी आली होती. मी आबांकडे बसलो होतो. अक्का विळा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"साहेब, तुमची नयी तिकडच्या केयीले उपाशी ठेवू राह्यली."

"कुठल्या?"

"नाल्याच्या अंगाच्या. पानं पिवयी पडली. दिसत नही का तुम्हाले?"

"पाणी सगळीकडे सारखं जातं, अक्का. मी मोजतो ना," मी म्हणालो. वही हातातच होती, मी ती उघडलीही.

अक्काने वहीकडे पाहिलं नाही. "चला," ती म्हणाली. "पाहा चालून."

आम्ही तिघं गेलो. सुरुवातीची केळी काळपट हिरवी, उंच, खांबासारखी. मधल्या ओळींत हिरवा रंग उतरलेला. नाल्याकडच्या ओळींत मात्र खालची पानं पिवळी, खोड बारीक, नवं पान आखूड. ही झाडं एका दिवसात अशी झालेली नव्हती. कित्येक आठवडे ती अशीच उभी असणार, आणि मी तिथून दोनशे पावलांवर चहा पीत बसलो होतो.

मी मोटर सुरू करायला लावली आणि वाट्या मांडल्या. पहिल्या ओळींतल्या वाट्या भरभर भरत होत्या. शेवटच्या ओळीतल्या वाटीत मी उकिडवा बसून बघत होतो. एक थेंब पडला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. अक्का माझ्या मागे उभी होती. तिला "मी सांगितलं होतं" म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. उलट खाली बसून तिने नळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आत काही तरी भरलं."

नळीचं टोक सोडलं तर आतून तांबूस गाळ बाहेर आला. जाळीच्या फिल्टरची जाळी एका बाजूने फाटली होती. विहिरीचं पाणी खाली गेल्यामुळे मोटर तळातला गाळ ओढत होती. तो वाहत वाहत टोकाला जाऊन बसला होता आणि पाण्यातल्या चुन्याने ड्रीपर बुजले होते. टोकाला जायचं खत सुरुवातीच्या झाडांना जात होतं. त्यांना नको इतकं मिळत होतं आणि शेवटच्यांना काहीच नाही. मुठीने टाकताना जी उधळपट्टी होते म्हणून मी लोकांना सांगत फिरत होतो, तीच मी नळीतून, मोजून केली होती.

परत येताना मीच म्हणालो, "आबा, माझी चूक आहे. मी टोकापर्यंत जात नव्हतो."

ते चालत राहिले. पुढची नळी ओलांडत म्हणाले, "मी तरी तुले कुठे जाऊ देत होतो?"

पुढचे तीन दिवस आम्ही त्या बागेत होतो. सौम्य आम्ल पाण्यातून सोडायचं, ते नळ्यांत रात्रभर ठेवायचं, सकाळी प्रत्येक ओळीचं टोक उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यायचं, मग एकेक ड्रीपर बघायचा. एकट्याचं काम नव्हतं. मी अक्काच्या घरी गेलो. ती दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी काय पाहिजे ते सांगितलं.

"खताले नको झालो, आता गाळ काढाले पाहिजे का?" ती म्हणाली.

तिने सुपातल्या शेंगा संपवल्या, उठली, हात झटकले. "उद्या येतो पाचही जणी."

त्या आल्या. पहिल्या दिवशी मी प्रत्येक ठिकाणी जाऊन दाखवत होतो. दुसऱ्या दिवशी मला कोणी विचारत नव्हतं. कुठला ड्रीपर अर्धा बुजला आहे, हे अक्का थेंबाच्या आवाजावरून ओळखू लागली. वाळल्या पानावर थेंब पडतो तेव्हा आवाज येतो. दोन थेंबांमधलं अंतर वाढलं की तिला ते कळे. मी वाटी लावून तपासलं. दहापैकी नऊ वेळा तिचं बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी मी आबांना म्हणालो, "दर आठवड्याला कोणीतरी सगळ्या ओळी टोकापर्यंत चालून बघायला पाहिजेत. मी रोज येऊ शकत नाही. अक्काला ठेवा."

आबांनी एका क्षणात होकार दिला, पैसे किती ते विचारायच्या आधी. अक्काने मात्र घास गिळून सांगितलं, "एकटी नही येनार मी. त्या अंधाऱ्या बागेत एकटं मानूस भुलून जातं. दोघी येऊ."

"दोघी या," आबा म्हणाले.

दोघींचं काम झालं. उरलेल्या तिघींचं नाही. त्यांच्यापैकी एक पुढे वखारीत पानं लावायच्या कामाला दिसे. दिसली की ती हसून मान हलवी, मीही हलवी. त्या तिघींबद्दल मी कुठल्याही अहवालात काही लिहिलं नाही. अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.

त्या वर्षीची केळी कापली तेव्हा काय झालं तेही सांगायला हवं. ठिबकच्या बागेतल्या मधल्या ओळींचे घड पाटावरच्यांपेक्षा भरदार निघाले आणि लवकर आले. खताची बरीच पोती आबांच्या खोलीत तशीच उरली. त्यांच्यावर ते अंथरूण टाकून झोपत. विहिरीजवळच्या पहिल्या ओळी मात्र नुसत्याच उंच वाढल्या. निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, उशीर झाला आणि दोन झाडं वाऱ्याने मोडली. नाल्याकडच्या ओळींचे घड उशिरा आणि हडकुळे आले. बाग बघायला लोक येत, तेव्हा आबा त्यांना आधी तिकडेच नेत. "हे पाहा, इठी नयी भरली होती. तुम्ही असं करू नका." मी सोबत असलो की माझ्याकडे न बघता बोलत.

मी जळगावला अहवाल दिला. त्यात पिवळ्या ओळींचं सगळं लिहिलं. तिथल्या साहेबांनी तो माझ्यासमोर वाचला आणि विचारलं, "तू बागेत जात नव्हतास का?"

"जात होतो," मी म्हणालो.

"मग?"

मी त्यांना काय सांगणार होतो? म्हणालो, "टोकापर्यंत गेलो नाही." त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

नंतरच्या हंगामात आबांनी सगळ्या बागेला ठिबक घेतलं. त्याच सुमाराला माझी बदली धुळ्याकडे झाली. तिकडे कापूस आणि मिरचीला ठिबक घेणारे पुढे येऊ लागले होते आणि तिथली बोली बोलणारा माणूस कंपनीला पाहिजे होता. मला आनंद व्हायला हवा होता. निघायच्या आधी मी आबांकडे गेलो, तर अक्का आणि तिची जोडीदारीण बागेत होत्या. दिसत नव्हत्या, पण दोघींचं बोलणं लांबून, पानांतून ऐकू येत होतं. आबा खाटेवर बसून ते ऐकत होते. मी बदलीचं सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं झालं. घराजवय गेला." मग पायऱ्यांपर्यंत आले. तिथून पुढे आले नाहीत.

धुळ्याकडे माझं काम बरं चाललं. शेतकऱ्यांशी मी आईसारखं बोलायचो, ते मला लगेच घरात नेत. पण मी कोणाच्या घरी दुसऱ्यांदा चहाला बसत नसे. आधी टोकापर्यंत चालून येई. तोवर माणसं कामाला लागलेली असत आणि मी पुढच्या गावाला निघे. सवयच झाली. माणसं माझ्याबद्दल चांगलं बोलत, कामाला पक्का आहे म्हणत. खोली इथेही एकच होती, पण वखार नव्हती, म्हणजे समोर आवाजही नव्हता. आबांना मी दोन पत्रं टाकली. उत्तर एकाचं आलं, चार ओळींचं. पाऊस बरा आहे, विहिरीला पाणी आहे, नळ्या ठीक आहेत, तू ये.

मी गेलो नाही. काम होतं, हे खरं. पण कामाशिवाय त्यांच्याकडे कसं जायचं, हे मला कळत नव्हतं, हेही खरं. आमच्या सगळ्या भेटींना काहीतरी निमित्त होतं. नळी, कॉक, वही. निमित्ताशिवाय मी त्या बागेत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. पत्रिका पाठवली. आबा येतील असं वाटलं नव्हतं. एवढ्या लांबून, भुसावळला गाडी बदलून, या वयात. लग्न आमच्या गावात, सकाळच्या मुहूर्ताला होतं. अक्षता पडल्यावर मी बोहल्यावरून समोर पाहिलं, तर मांडवाच्या कडेला, जिथे पाण्याचे रांजण मांडले होते तिथे, धुतलेलं धोतर आणि पांढरी टोपी घालून आबा एकटे बसले होते. मांडीवर कापडी पिशवी. भोवती सगळी आमची माणसं, मोठ्याने बोलणारी. त्यांच्यापैकी एकालाही ते ओळखत नव्हते. मी हात हलवला. त्यांनी पाहिलं आणि तेही हात वर करून हसले.

मी एका भावाला हाक मारून सांगितलं, त्यांना जेवायला बसव, त्यांची नीट चौकशी कर. त्याने बसवलं असेल. मांडवात एवढी गडबड होती की मला नंतर पंगतीत ते दिसले नाहीत. एकामागून एक लोक येऊन फोटोला उभे राहत होते, हातात नारळ देत होते. बऱ्याच वेळाने मान वर केली तेव्हा आबा मांडवाबाहेर उभे होते. दुपारच्या गाडीची वेळ होत आली असावी. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत थांबले. माझ्यापुढे माणसांची रांग होती आणि उपरण्याची गाठ बायकोच्या शालूला बांधलेली होती. मला उठता आलं नाही. उठलो असतो, तर तिलाही उठावं लागलं असतं आणि सगळे विचारत राहिले असते, काय झालं, कुठे चालला.

आबांनी पिशवी खांद्याला लावली आणि स्टेशनकडच्या रस्त्याने चालू लागले. ऊन चांगलंच होतं. ते वळणापर्यंत दिसत होते.

त्यांनी आणलेला आहेर संध्याकाळी बहिणीने दाखवला. आईसाठी लुगडं होतं, आणि एक केळ्यांची फणी, जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली. प्रवासात एक केळं दबलं होतं, बाकीची चांगली होती. पाहुण्यांच्या मुलांनी ती तिथल्या तिथे संपवली. कोणाकडून आली, असं बहिणीने विचारलं. मी सांगू लागलो, पण तेवढ्यात तिला कोणीतरी आतून बोलावलं.

पुढच्या उन्हाळ्यात मुलगा आबांना पुण्याला घेऊन गेला. बाग कसायला दिली, असं ऐकलं. पुण्याचा पत्ता मी कोणाकडून तरी मिळवला होता. तिथे लिहिलं. पत्र परत आलं नाही, आणि उत्तरही आलं नाही.